तीन मिनिटांचं जेवण



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी गुडघ्याचं ऑपरेशन, मग फिजिओथेरपी, मग दिवाळीची पाहुणेमंडळी... ब्लॉगवर अगदी धूळ साचली होती. दोघातिघांनी मेल करून "बाई, बऱ्या आहात ना?" असं विचारलं. त्यांचे आभार. बरी आहे. काठी घेऊन का होईना, अंगणात फेऱ्या मारते.

आजचा विषय अर्धा इतिहासाचा आणि अर्धा आमच्या घरचा आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे घरातला एखादा प्रश्न सुटेना झाला की सवयीने मागे जाऊन बघते. हा प्रश्न आपल्याआधी कुणाला पडला होता? त्यांनी काय केलं? कुठे चुकलं? यावेळीही तेच केलं.

प्रश्न बंडूचा आहे.

जुन्या वाचकांना बंडू माहीत आहे. नव्यांसाठी सांगते. बंडू माझा सगळ्यात धाकटा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, म्हणजे आता त्रेसष्ट पूर्ण. त्याची बुद्धी चार-पाच वर्षांच्या मुलाएवढीच राहील, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. ते वाक्य मला कधीच पटलं नाही. गल्लीत कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे चार वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहत नाही. बंडूच्या राहतं, आणि तो दारात जाऊन चौकशीही करून येतो. त्या काळी अशा मुलांना मतिमंद म्हणत, त्याआधी तर आणखी वाईट शब्द होते. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून होती, पण आमच्या तालुक्याच्या गावात तिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे बंडूची शाळा म्हणजे आईचं स्वयंपाकघर. तिथे तो वाती वळायला, शेंगा सोलायला, ताटं-पाणी घ्यायला शिकला. आई १९९८ मध्ये गेली. तेव्हापासून तो माझ्याकडे आहे.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी सगळ्यांच्याच लक्षात आलं, की ताईचं वय झालं. मग फोन सुरू झाले. "ताई, आता बंडूची कुठेतरी सोय कर." सगळे मायेनेच म्हणत होते, मला राग नाही. पण फोन ठेवला की मनात यायचं, सोय नक्की कोणाची? त्याची, की आपली?

तरी भाच्याला बरोबर घेऊन एक संस्था बघून आले. नाव लिहीत नाही, कारण ते लोक वाईट नाहीत. चकचकीत फरशी, ओळीने पलंग, प्रत्येक पलंगावर एकसारखी चादर, कोपऱ्याकोपऱ्यात सीसीटीव्ही. भाचा खूश झाला. मी व्यवस्थापकांना विचारलं, "जेवायला किती वेळ देता?" ते अभिमानाने म्हणाले, "एकदम शिस्त आहे बघा. वीस मिनिटांत सगळ्यांचं आटोपतं." भेटीची वेळ विचारली, तर महिन्यातला पहिला रविवार, चार ते पाच.

बंडूला जेवायला चाळीस मिनिटं लागतात. भाजीतले दाणे आधी बाजूला काढतो, शेवटी एकेक करून खातो. परतताना गाडीत मी गप्पच होते. मला विलोब्रुक आठवत होतं.

आता विलोब्रुक म्हणजे काय ते सांगते. २०१८ मध्ये लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. तिची एक मैत्रीण जवळच स्टेटन आयलंडवरच्या कॉलेजात शिकवते. एका शनिवारी तिने आम्हाला कॉलेज दाखवायला नेलं. मोठी हिरवळ, उंच झाडं, विटांच्या इमारती. मी म्हटलं, काय प्रसन्न जागा आहे! तर ती म्हणाली, "मावशी, इथे पूर्वी काय होतं माहीत आहे का?" आणि मग चालता चालता तिने जे सांगितलं, त्यानंतर मला ती हिरवळ काही प्रसन्न वाटेना. घरी आल्यावर मिळेल ते वाचत गेले.

तिथे होती विलोब्रुक स्टेट स्कूल. नावात स्कूल असलं तरी शाळा म्हणावी असं तिथे फारसं काही नव्हतं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना आणि मोठ्या माणसांना ठेवण्याची ती न्यूयॉर्क राज्याची सरकारी संस्था. इमारती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बांधल्या, युद्धात तिथे लष्कराचं इस्पितळ होतं, आणि १९४७ मध्ये संस्था सुरू झाली. जागा साधारण चार हजार माणसांची. १९६५ पर्यंत तिथे सहा हजारांवर माणसं होती.

आईबापांनी मुलं तिथे का ठेवली, असं आपल्याला पटकन वाटतं. मलाही वाटलं होतं. पण तेव्हा अमेरिकेत डॉक्टरच सांगत, की हे मूल संस्थेत ठेवा, विसरून जा, दुसरं होऊ द्या. सरकारी शाळा अशा मुलांना सरळ नाकारू शकत होत्या. प्रत्येक अपंग मुलाला शिक्षण द्यायलाच हवं, हा कायदा तिथे १९७५ साली झाला. तोपर्यंत घर नाही तर संस्था, मधलं काही नव्हतं. (आपल्याकडे मधलं काही नव्हतं आणि संस्थाही नव्हती. म्हणून बंडू आईच्या स्वयंपाकघरात राहिला. त्याचं नशीब म्हणायचं, की आपल्या गरिबीचा फायदा?)

जिथे शंभर ठेवायचे तिथे दीडशे ठेवले आणि माणसं मात्र वाढवली नाहीत, तर काय होईल ते सांगायला नको. पन्नासच्या आसपास मुलं आणि त्यांच्यामागे एखादी परिचारिका. कपडे घालायला वेळ नाही, म्हणून मुलं उघडी. शौचाला न्यायला वेळ नाही, म्हणून जमीन घाण. १९६५ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी अचानक बघायला गेले आणि बाहेर येऊन त्यांनी त्या जागेला सापांच्या खड्ड्याची उपमा दिली. वर्तमानपत्रांत आलं, लोक हळहळले, थोडेफार पैसे मंजूर झाले आणि पुन्हा सगळं तसंच चालू राहिलं.

याहून वाईट म्हणजे तिथे काविळीवर संशोधन चालू होतं. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या सुरुवातीपर्यंत डॉ. सॉल क्रुगमन यांच्या पथकाने तिथल्या काही मुलांना मुद्दाम काविळीचे विषाणू दिले. त्यांचं म्हणणं, गर्दीमुळे यांना कावीळ होणारच आहे, मग देखरेखीखाली झालेली बरी. आईबापांच्या सह्या घेतल्या होत्या. पण १९६४ मध्ये गर्दीमुळे संस्थेचे नवे प्रवेश बंद झाले, तेव्हाही या संशोधनाच्या वॉर्डात मात्र जागा मिळू शकत होती. दुसरा सगळा दरवाजा बंद असताना घेतलेल्या सहीला संमती म्हणायचं का? त्या कामातून काविळीबद्दल वैद्यकशास्त्राला बरंच कळलं हे खरं. त्याची किंमत कोणी दिली, हेही खरं.

हे सगळं उघड झालं ते एका किल्लीमुळे. मायकेल विल्किन्स नावाचा एक तरुण डॉक्टर तिथे नोकरीला होता. तो आणि एलिझाबेथ ली ही समाजसेविका, दोघं मुलांच्या आईबापांना एकत्र करून मागण्या करायला शिकवू लागले. जानेवारी १९७२ मध्ये दोघांनाही नोकरीवरून काढलं. काढलं खरं, पण सहा नंबरच्या इमारतीची किल्ली विल्किन्सच्या खिशातच राहिली! त्याने टीव्हीवरच्या एका ओळखीच्या पत्रकाराला, गेराल्डो रिव्हेराला, फोन केला. दोघं कॅमेरा घेऊन न सांगता आत शिरले. स्थानिक वर्तमानपत्रात आधी महिना-दोन महिने बातम्या येत होत्याच, पण टीव्हीवर अंधाऱ्या खोलीत जमिनीवर कुडकुडणारी उघडी मुलं लोकांनी डोळ्यांनी बघितली. रिव्हेरा म्हणाला, चित्र दाखवता येतं, आवाज ऐकवता येतो, वास कसा पोचवू?

माझ्या मनात मात्र त्या बातमीपटातला एक साधा प्रश्न रुतून बसला आहे. रिव्हेरा विचारतो, एका मुलाला भरवायला किती वेळ मिळतो? डॉक्टर सांगतो, दोन-तीन मिनिटं. मग खरं तर किती वेळ हवा? तुम्हाआम्हाला न्याहारीला जेवढा लागतो तेवढा, असं त्याचं उत्तर. आणि या घाईचा परिणाम काय? तर घास श्वासनलिकेत जातो, न्युमोनिया होतो आणि मुलं मरतात.

त्यांना मारहाण करून कोणी मारत नव्हतं. फक्त घाई. मी तो भाग पुन्हा वाचला.

त्याच बातमीपटात बर्नार्ड काराबेयो नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा बोलला. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. हातपाय आणि बोलणं अडखळतं, पण बुद्धी शाबूत. चुकीचं निदान करून त्याला तीन वर्षांचा असताना तिथे ठेवलं, आणि अठरा वर्षं तो तिथेच होता. बाहेर आल्यावर पुढे त्याने अपंगांनी स्वतःच स्वतःसाठी बोलावं म्हणून न्यूयॉर्क राज्यात संघटना उभी करायला मदत केली. अठरा वर्षांत त्याला 'तुला काय हवं' असं विचारलं असतं तर? विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण त्याला सांगता येईल असंच कोणाला वाटलं नाही.

मार्च १९७२ मध्ये पालकांनी राज्य सरकारवर खटला भरला. तीन वर्षं चालला. १९७५ मध्ये गव्हर्नर ह्यू केरी यांच्या सरकारने करार मान्य केला आणि न्यायाधीश ऑरिन जड यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तिथल्या सुमारे पाच हजार चारशे माणसांसाठी हा करार होता. त्यांना छोट्या घरांमध्ये, वस्तीत राहायला न्यायचं आणि १९८१ पर्यंत विलोब्रुकमध्ये अडीचशेच खाटा ठेवायच्या. काम झालं की नाही ते बघायला सात जणांची समिती.

ही छोट्या घरांची कल्पना काही आकाशातून पडली नव्हती. डेन्मार्कमध्ये बँक-मिकेल्सन यांच्या पुढाकाराने १९५९ च्या कायद्यात ती आली होती. स्वीडनच्या बेंग्त निर्ये यांनी १९६९ मध्ये ती नीट मांडली. मला त्यांचं म्हणणं फार आवडलं, कारण त्यात मोठे शब्द नाहीत. ते म्हणतात, अपंग माणसाचा दिवस इतरांच्या दिवसासारखा असावा. सकाळी उठणं, कपडे घालणं, कामाला जाणं एका ठिकाणी, राहणं दुसऱ्या ठिकाणी. आठवड्याला सुट्टी असावी, वर्षाला सण आणि सहल असावी. वयाप्रमाणे मान मिळावा. त्याच्या आवडीनिवडीला किंमत असावी. मोठं माणूस आहे म्हणून लहान मुलांच्या आधी झोपवू नये. थोडक्यात, आपल्याला जे इतकं साधं वाटतं की आपण त्याला हक्क म्हणतच नाही, ते त्यालाही असावं.

करार झाला, पण घरं मिळेनात. मिळाली तर शेजारी विरोध करीत. आमच्या घरांच्या किमती पडतील, मुलींना भीती वाटेल वगैरे वगैरे. (आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या मीटिंग आठवल्या की नाही?) शेवटी १९७८ मध्ये तिथे पदवान कायदा झाला. गावाला हरकत घ्यायची संधी आणि मुदत दिली, पण 'नको आम्हाला असली माणसं' एवढं कारण चालेना. १९८० मध्ये विधिमंडळाने देखरेख समितीचा निधीच बंद केला. १९८१ ची मुदत हुकली. विलोब्रुकचा शेवटचा माणूस बाहेर पडून दारं बंद झाली ती १९८७ मध्ये. १९९३ मध्ये तिथे कॉलेज आलं.

मग बाहेर गेलेल्यांचं काय झालं? याचं उत्तर शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातून चांगलं मिळतं. तिथे पेनहर्स्ट नावाची अशीच संस्था होती, तीही कोर्टाच्या आदेशानंतर १९८७ मध्येच बंद झाली. तिथून छोट्या घरांत गेलेल्या माणसांचा अभ्यासकांनी काही वर्षं पाठपुरावा केला आणि १९८५ मध्ये अहवाल दिला. माणसं स्वतःची कामं जास्त करू लागली होती. आणि ज्या नातेवाइकांनी सुरुवातीला 'नका हलवू' म्हणून कडाडून विरोध केला होता, त्यातल्या बहुतेकांचं मत नंतर बदललं होतं. हे वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात आमच्या मंडळींना वाकुल्या दाखवल्या. पण लगेच लक्षात आलं, की विरोध करणाऱ्यांत मीही आहे. मला वाटतं, बंडू माझ्याशिवाय राहूच शकणार नाही. त्याला कोणी विचारलं आहे का?

इथवर गोष्ट छान आहे. मोठी वाईट संस्था मोडली, छोटी चांगली घरं आली. परीक्षेत उत्तर लिहायचं असतं तर इथेच पूर्णविराम देता आला असता. पण मी पुढे वाचलं.

२०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एक मालिका छापली. राज्याच्या याच छोट्या घरांमध्ये मारहाण आणि गैरवर्तन होत होतं, आणि ज्यांनी केलं त्यांना काढण्याऐवजी पुष्कळदा दुसऱ्या घरात बदली करून पाठवत. त्यानंतर २०१३ मध्ये राज्याने तक्रारींसाठी जस्टिस सेंटर नावाचं वेगळं खातं सुरू केलं. आणि २०२० मध्ये त्याच वर्तमानपत्राने लिहिलं, की ब्राँक्स भागातल्या एका ग्रुप होममध्ये राहणाऱ्यांना मारल्याचे, हेळसांड केल्याचे आरोप २०१४ मध्ये निनावी तक्रारीतून बाहेर आले होते. त्या घरात राहणाऱ्यांपैकी काही जण विलोब्रुकमधून आलेले होते.

मी चष्मा काढून ठेवला. ज्या माणसांसाठी खटला लढला, करार झाला, कायदा झाला, ज्यांच्या नावाने कॉलेजात स्मरणवाट केली, त्यातलीच काही माणसं म्हातारपणी पुन्हा त्याच जागी. इमारत बदलली होती, पलंग कमी झाले होते, दारावर पाटी नव्हती. पण बंद दारामागे काय चाललं आहे हे बघायला येणारं कोणी नव्हतं, किंवा पुरेसं नव्हतं.

याचा अर्थ छोटी घरं वाईट असा नाही. हजारो माणसं तिथे चांगली राहिली, राहताहेत. पण घर लहान केलं म्हणजे त्याचं आपोआप 'घर' होत नाही. अंथरूण चार असोत की चाळीस, जिथे सगळे एकाच वेळी उठतात, एकाच वेळी न्हातात, ताटात पडेल ते खातात, ती संस्थाच. आणि तिथे काम करणाऱ्या माणसाचा विचार कोणी करतच नाही. अमेरिकेतसुद्धा या लोकांना पगार कमी, आणि सारखी माणसं सोडून जातात. आज ज्याने बंडूच्या भाजीतल्या दाण्यांची सवय ओळखली, तो तीन महिन्यांनी दुसरीकडे. नवा येतो, त्याला माहीत नसतं, तो दाणे कालवून घास भरवतो. इथून सुरुवात होते.

आता तिथे आणखी एक प्रकार वाढला आहे. माणूस स्वतःच्या नावावर भाड्याने घेतलेल्या घरात राहतो आणि मदतनीस ठरलेल्या वेळी त्याच्याकडे येतात. घर त्याचं, मदत वेगळी. मदतनीस आवडला नाही तर मदतनीस बदलतो, घर सोडावं लागत नाही. मला हे फार पटलं. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींशी पटलं नाही तर आपण बंगला सोडून जातो का?

२०१४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने अशा सेवांना पैसे देताना काही अटी घातल्या. खोलीच्या दाराला आतून कुलूप हवं आणि किल्ली राहणाऱ्याकडे हवी. खोलीत कोणाबरोबर राहायचं हे त्याने ठरवावं. भूक लागेल तेव्हा खायला मिळावं. भेटायला कोणीही, केव्हाही येऊ शकावं. बघा, चकचकीत फरशीचं नाव कुठेही नाही!

आपल्याकडेही कायदा आहे हो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि विशिष्ट ठिकाणीच राहायची सक्ती होऊ नये, घरी मदत मिळावी, यासाठी सरकारने प्रयत्न करावेत असं म्हटलं आहे. त्याआधी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट आला, 'आमच्या मागे काय' या पालकांच्या काळजीतूनच. पण गावागावात बघाल तर बहुतेक ठिकाणी ताई किंवा वहिनी हीच योजना आणि तीच अंमलबजावणी. तिचा गुडघा गेला की योजना संपली.

असो. आता घरचं सांगते. सांगायला थोडं अवघड आहे.

ऑपरेशननंतर मला फार वेळ उभं राहवत नव्हतं. संध्याकाळी मदतीला येणाऱ्या मावशींना आठला निघायचं असे, भांडी आटपायची असत. म्हणून मी बंडूला भरवायला लागले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्या हाताने जेवणारा, आणि मी खुर्चीत बसून त्याला घास भरवते आहे, कारण तसं लवकर होतं. सुरुवातीला त्याने मान फिरवली. मी ओरडले. मग तो गुपचूप तोंड उघडू लागला. एक दिवस त्याला ठसका लागला. पाणी दिलं, पाठ चोळली, शांत झाला. माझी नजर घड्याळावर गेली. सगळं जेवण सात मिनिटांत झालं होतं.

मला कोणी वाईट म्हणणार नाही. उलट सगळे म्हणतात, ताई किती करते! पण माझ्या घरातही बाहेरून बघणारं कोणी नव्हतं. बँकेत जाताना मी बाहेरून कडी लावून जाते, हेही आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. इतिहास शिकवताना मुलांना सांगायचे, की भूतकाळातल्या लोकांना नावं ठेवण्याआधी त्यांच्या जागी उभे राहून बघा. विलोब्रुकच्या त्या पन्नास मुलांमागच्या एकट्या परिचारिकेच्या जागी मी एका भावापुरती उभी राहिले आणि तेवढ्यातच माझं काय झालं ते बघितलं. माया असून भागत नाही. वेळ लागतो, मदत लागते आणि बघणारा लागतो.

दुसऱ्या दिवसापासून बंडू पुन्हा स्वतः जेवतो. भांडी सकाळी घासली जातात. काही बिघडलं नाही.

गेल्या महिन्यात आणखी एक जागा बघून आले. काही पालकांनीच एकत्र येऊन दोन फ्लॅटमध्ये चालवलेली, इथून दीड तासावर. सहा जण राहतात. फरशी जुनी, एका भिंतीला ओल. मी न कळवता गेले तरी दार उघडलं. एक गृहस्थ मेथी निवडत बसले होते, त्यांनी मला माझं नाव, गाव आणि जेवण झालं का, हे सगळं विचारून घेतलं. एकाच्या गळ्यात कपाटाची किल्ली होती. सांभाळायला असलेला मुलगा तिथे सहा वर्षं टिकून आहे. मी विचारलं, जेवायला किती वेळ? तो म्हणाला, "आजी, ज्याला जितका लागेल तितका. एक जण तर तासभर बसतो."

बंडूला घेऊन दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा निघताना त्याने चप्पल घातली नाही. "ताई, तू जा. मी भाजी निवडतो," म्हणाला. मला रडू आलं, पण ते माझं मला. जानेवारीत आठ दिवस राहून बघायचं ठरवलं आहे. मग त्याला विचारायचं. नाही म्हणाला तर परत.

आणि आता माझ्या नातेवाईक वाचकांसाठी. तुम्ही सगळ्यांनी पैशांची मदत करू म्हणून फोन केलेत. मनापासून आभार. पेन्शन आणि आईच्या दागिन्यांत भागेल असं वाटतं, नाही भागलं तर मोकळेपणी सांगेन. पण मला दुसरं काही हवं आहे. मोजलं तर पुण्या-मुंबईत, साताऱ्यात, कोल्हापुरात मिळून आपली बारा घरं आहेत. वर्षाचे महिनेही बारा. प्रत्येक घराने वर्षातून एकदा बंडूकडे जायचं. आधी फोन करायचा नाही. त्याच्याबरोबर जेवायला बसायचं आणि तो उठेपर्यंत उठायचं नाही. एवढंच. मी आहे तोवर मीही जाईन. पण मी नसताना ही यादी चालू राहायला हवी.

कोणाला कोणता महिना सोयीचा आहे ते कळवा. श्रावण मी भाच्याला देऊन टाकला आहे, त्याला उपासाचे पदार्थ आवडतात.

ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींपैकी ज्यांच्या घरी असा बंडू आहे, त्यांनीही जरूर लिहा. तुम्ही काय केलंत, कुठे चुकलं, काय जमलं. आपल्याकडे या गोष्टी कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून प्रत्येक ताईला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता थांबते. स्वयंपाकघरातून दाणे खाण्याचा आवाज येतो आहे. म्हणजे जेवण शेवटाला आलं.